सातशे किलोमीटर, पण कुठून कुठे?

दोन गावांमधलं अंतर सांगणाऱ्या कुठल्याही साइटवर जाऊन कोल्हापूर आणि नागपूर ही नावं टाका. उत्तर लगेच मिळतं: हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर, विमानाला लागणारा वेळ सव्वा तासाच्या आसपास. मग गंमत म्हणून लातूर आणि रत्नागिरी टाकून बघा. तिथेही तितक्याच ठामपणे किलोमीटर आणि मिनिटं येतात. या दोन गावांमध्ये तिकीट काढून बसता येईल असं विमानच नाही, हे त्या साइटच्या गावीही नसतं. दोन्हीकडच्या धावपट्ट्यांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीच्या गोलाईवरून त्यांच्यातलं सर्वांत कमी अंतर काढायचं, त्याला ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटरने भागायचं आणि चढायला-उतरायला म्हणून थोडा वेळ मिळवायचा, एवढाच तो हिशेब.

साइटने असा हिशेब केला तर काही बिघडत नाही. शाळेच्या प्रकल्पाला तो पुरतो. माझी तक्रार वेगळी आहे. प्रादेशिक विमानसेवेचं आपलं सरकारी धोरणही बहुतांशी याच हिशेबावर उभं आहे. भाड्याची कमाल मर्यादा हवाई अंतरावरून ठरते, अनुदान त्यावरून ठरतं, कुठला मार्ग योजनेत बसतो हेही त्यावरूनच पाहिलं जातं. अमुक गाव आता मुंबईपासून एका तासावर आलं, हे उद्घाटनाच्या भाषणातलं ठेवणीतलं वाक्यही तिथूनच येतं. माणूस मात्र धावपट्टीवर राहत नाही आणि त्याचं कामही दुसऱ्या धावपट्टीवर नसतं. घराला कुलूप लावल्यापासून काम सुरू होईपर्यंत किती वेळ गेला, एवढंच त्याला मोजायचं असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्या दिवशी जायचंय त्या दिवशी विमान आहे का, आणि असलं तर ते खरंच सुटणार का. सरकारी पैसा कुठल्या मार्गावर घालायचा हे या दोन प्रश्नांवरून ठरवलं, तर आज ज्या मार्गांसाठी आपण हट्ट धरून बसलोय त्यांतले बरेच बाद होतील. आणि ज्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही असे काही वर येतील.

आधी नुसत्या उड्डाणाच्या वेळेचंच घेऊ. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची सेवा सुरू झाली. बेलोरा ते मुंबई सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटरच्या आतलं अंतर आहे. जेटच्या वेगाने भागलं तर हवेतला वेळ पाऊण तासही होत नाही. वेळापत्रकात मात्र पावणेदोन तास होते. यात कोणी फसवत नव्हतं. मार्गावरचं विमान एटीआर ७२, म्हणजे पंख्याचं. ते ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जातं. बेलोराची धावपट्टी १,८५० मीटरची, तेव्हा अशा ठिकाणी हेच विमान सोयीचं पडतं. शिवाय वेळापत्रकातली वेळ मोजतात ती विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून दुसऱ्या गावी ते पुन्हा लावेपर्यंत. धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, उतरल्यावर पुन्हा सरकत जाणं, हे सगळं त्यात आलं. आणि पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान 'वेळेवर' धरण्याची पद्धत असल्यामुळे कंपन्या वेळापत्रकातच थोडी सैल जागा ठेवून देतात. काही मिनिटं लवकर पोचल्याची घोषणा ऐकून आपण खूश होतो, ती मिनिटं आधीच आपल्या खात्यातून काढून ठेवलेली असतात.

एक टोक मुंबईत असेल तर हिशेब आणखी चिघळतो. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. एकाच धावपट्टीवर इतकी विमानं चढवणारे-उतरवणारे विमानतळ जगात फार थोडे असतील. तिथे सत्तर आसनांचं विमान उतरायला जितकी जागा आणि पाळी खातं तितकीच एकशेऐंशी आसनांचंही खातं. मग विमानतळ चालवणाऱ्याने कोणाला चांगली वेळ द्यावी? साहजिकच छोट्या गावाच्या विमानाच्या वाट्याला उरलीसुरली वेळ येते. दुपारी दीडला सुटून अडीचला पोचणारं विमान मंत्रालयात काम असलेल्याच्या काही कामाचं नाही. साहेब जागेवर भेटेपर्यंत परतीचं विमान निघून गेलेलं असतं. २०२५ च्या डिसेंबरात नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं सुरू झाली, त्याने पाळीचा प्रश्न थोडा हलका होईल हे खरं, पण तिथे उतरलेल्याला फोर्टात पोचायचं तर अटल सेतूवरून यावं लागतं. म्हणजे हवेत वाचलेला वेळ जमिनीवर खर्ची पडणार. साइटवरचं हवाई अंतर मात्र या सगळ्यात फार तर वीस-पंचवीस किलोमीटरांनी बदलेल, बस.

या गणिताने आपली सर्वांत मोठी फसगत कुठे केली असेल तर ती नाशिकला. केंद्राची 'उडान' योजना २०१६ मध्ये जाहीर झाली. पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ रोजी उडाली, त्यात शिमला–दिल्लीबरोबर आपलं नांदेड–हैदराबादही होतं. साधारण पाचशे किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये ही तेव्हाची कमाल मर्यादा, त्याहून कमी अंतराला त्या प्रमाणात कमी. विमानातल्या निम्म्या जागा या भाड्यात विकायच्या आणि कंपनीला येणारी तूट तीन वर्षं सरकारने भरून द्यायची. त्यातला २० टक्के वाटा राज्याचा. साध्या विमानासाठी मार्गाचं किमान अंतर १५० किलोमीटर. आता ओझर, म्हणजे नाशिकचा विमानतळ, ते मुंबई सरळ रेषेत अंतर आहे १६० किलोमीटरच्या आतबाहेर. काठावर का होईना, मार्ग योजनेत बसला. २०१७ च्या डिसेंबरात एअर डेक्कनने मुंबई–नाशिक आणि मुंबई–जळगाव अशी छोट्या विमानांची सेवा सुरू केली. भाडं नाशिकला चौदाशे रुपयांच्या आसपास. बातम्यांत 'नाशिक–मुंबई चाळीस मिनिटांत' असे मथळे झळकले.

नाशिककराने त्या चाळीस मिनिटांचं काय करायचं होतं, हे कोणी विचारलं नाही. पंचवटीतून किंवा सिडकोतून ओझरला जायचं, म्हणजे मुंबईच्या बरोबर उलट दिशेला वीस-पंचवीस किलोमीटर. तिथे तासभर आधी पोचायचं. उतरल्यावर सांताक्रूझहून बाहेर पडायचं, रिक्षा, मग लोकल किंवा हायवेवरची कोंडी. दक्षिण मुंबईत काम असेल तर साडेतीन-चार तास सहज झाले. पंचवटी एक्स्प्रेसही नाशिकरोडहून सकाळी निघून कचेऱ्या उघडायच्या सुमाराला सीएसएमटीला सोडते, चारेक तासांत, शंभर-दीडशे रुपयांत आणि रोज. महिन्याचा पास काढून जाणारी मंडळी तिच्या डब्यात वाढदिवससुद्धा साजरे करतात. अशा गाडीशी विमानाची स्पर्धा लावणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं. ती सेवा टिकली नाही. कंपनीची स्वतःची दुखणी होतीच, पण कंपनी धडधाकट असती तरी या मार्गावर काय वाचलं असतं?

मला विचाराल तर मुंबईपासून रेल्वेने सहा-सात तासांच्या आत असलेल्या एकाही गावाच्या मुंबई विमानाला सरकारी अनुदान असू नये. विमान जरूर असावं. ज्याला परवडतं त्याने पूर्ण भाडं देऊन जावं, कंपनीला परवडत असेल तर तिने चालवावं. करदात्याने त्यात हात घालायचं कारण नाही.

हे वाक्य सोलापुरात म्हणायला छाती लागेल, याची मला कल्पना आहे. होटगी रस्त्यावरच्या विमानतळासाठी त्या शहराने जी किंमत मोजली ती लहान नव्हती. सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीज प्रकल्पाची चिमणी विमानाच्या मार्गात येते म्हणून वर्षानुवर्षं भांडण चाललं. उपोषणं झाली, मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडली. त्यानंतर पहिलं प्रवासी विमान उडायला दोन वर्षं गेली. २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं सुरू झालं, मुंबईचं ऑक्टोबरमध्ये. गंगेत घोडं न्हालं म्हणायचं. पण ज्या वर्षी चिमणी पडली त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत सोलापूर–मुंबई वंदे भारत सुरू झाली होती. ती साडेसहा तासांत पोचवते. सोलापूर ते मुंबई हवाई अंतर साधारण ३६० किलोमीटर. विमानाने घर ते काम हिशेब केला तर सगळं सुरळीत झालं तरी चार-साडेचार तास होतात. दोन तास वाचले. ते वाचवणाऱ्याची गरज खोटी आहे असं मी म्हणत नाही. उद्योजक असेल, सर्जन असेल, त्याला दोन तास मोलाचे असतील. तर मग त्याने त्यांचं मोल द्यावं. सोलापूर–गोवा विमानाची बाजू मला त्यापेक्षा कितीतरी बळकट वाटते. अंतर जवळपास तितकंच, किंबहुना कमी, पण मध्ये सह्याद्री आडवा आणि तिकडे जाणारी चांगली रेल्वे नाही. दोन मार्गांचं हवाई अंतर सारखं असलं म्हणून त्यांची गरज सारखी होत नाही.

आता वेळेचा तो भाग, जो कुठल्याच आकड्यात धरत नाहीत. प्रादेशिक विमानं बहुधा आठवड्यातून तीन-चार दिवस असतात. अमरावतीचंही सुरुवातीला तीनच दिवस होतं. सोमवार-बुधवार-शुक्रवार विमान आहे आणि तुमची सुनावणी मंगळवारी लागली, तर सोमवारी जाऊन एक रात्र लॉजवर काढायची आणि काम आटोपल्यावर बुधवारपर्यंत मुंबईत बसून राहायचं. पावणेदोन तासांच्या विमानाने केलेला हा प्रवास दोन रात्रींचा झाला. त्यापेक्षा अमरावतीहून मुंबईला जाणाऱ्या अंबा एक्स्प्रेसने रात्री झोपून जाणारा माणूस शहाणा. सकाळी उतरला, काम केलं, रात्री परत गाडीत. एक दिवस, दोन रात्री गाडीतच, लॉजचं बिल शून्य. विमान 'जलद' आहे हे कुठल्या अर्थाने?

आणि ते तीन दिवससुद्धा पक्के असते तर गोष्ट वेगळी होती. एका छोट्या विमानतळावर डिसेंबरातल्या सकाळी बसलो होतो, गावाचं नाव कशाला हवं. इमारत नवी कोरी, खुर्च्यांवरची प्लॅस्टिकची वेष्टनं काही ठिकाणी अजून तशीच. काउंटरवरचा मुलगा दर दहा मिनिटांनी फोन कानाला लावायचा आणि नजर चुकवायचा. शेजारी एक वयस्क जोडपं होतं, परळला इस्पितळात तपासणीची तारीख मिळालेलं, रिपोर्टांची मोठी पिशवी मांडीवर. शेवटी तो मुलगा म्हणाला, "काका, व्हिजिबिलिटी अठराशे आहे. पाच हजार मीटर लागते." काकांनी काचेबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "अरे, ऊन तर पडलंय की!" ऊन पडलं होतं खरं. पण खाली, शेतांवर, पांढुरका थर होता, धावपट्टीचं पलीकडचं टोक त्यात विरून गेलं होतं. विमान निघालेल्या ठिकाणीच थांबलं होतं. अकराला सांगितलं, रद्द. पैसे आठवड्याभरात खात्यात येतील. काका मग जावयाला फोन करून गाडीची चौकशी करू लागले. तपासणीची तारीख परत कधी मिळणार, हे त्या मुलाला विचारून उपयोग नव्हता आणि त्यांनी ते विचारलंही नाही.

यात दोष ना त्या मुलाचा ना वैमानिकाचा. नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवून विमान उतरवायचं असेल तर पाच किलोमीटरपर्यंतचं दिसावं लागतं, आणि तसा नियम आहे म्हणूनच आपण सुखरूप पोचतो. आयएलएससारखी, म्हणजे रेडिओ लहरींनी वैमानिकाला धावपट्टीची वाट दाखवणारी, उपकरणं बसवलेल्या धावपट्टीवर पाच-सातशे मीटर दिसलं तरी उतरता येतं. फरक आहे तो उपकरणांचा, दिव्यांचा, आणि टॉवर किती तास उघडा ठेवता याचा. आपल्याकडे विमानतळ म्हटलं की कोनशिला, कमान आणि नवी टर्मिनल इमारत. धुक्यात उतरवणाऱ्या यंत्रणेचं फीत कापून उद्घाटन करता येत नाही, म्हणून ती मागे पडते. शिर्डीचंच बघा. विमानतळाचं उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी थेट राष्ट्रपतींच्या हस्ते झालं, लाखो भाविकांचं ठिकाण, पण रात्री विमान उतरायला २०२५ साल उजाडावं लागलं.

विमान नक्की आहे की नाही या एका गोष्टीपुढे अंतर किती फिकं पडतं, याचा धडा कोकणाने दिलाय. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झालं. मुंबई ते चिपी हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटर, रस्त्याने पाचशेच्या आसपास, तेही मुंबई–गोवा महामार्गावरून, ज्याच्याबद्दल काही न बोललेलंच बरं. म्हणजे विमानाला याहून चांगला मार्ग शोधून सापडायचा नाही. सुरुवातीला माणसं हौसेने बसली, गणपतीत तर तिकीट मिळेना. पण दिवसाला एकच विमान, तेही कधी उशिरा, कधी रद्द. मग २०२३ च्या जानेवारीत गोव्याचा मोपा विमानतळ सुरू झाला. मोपा आणि चिपी यांच्यात हवाई अंतर पंचेचाळीस किलोमीटर असेल. मोप्याला सकाळपासून रात्रीपर्यंत विमानं. सावंतवाडी-बांद्याचा चाकरमानी मोप्याला उतरू लागला, कारण एक विमान चुकलं तर दुसरं आहे याची त्याला खात्री होती. चिपीचं मुंबई विमान पुढच्या वर्षी बंद पडलं. जिल्ह्यात आजही भाषणं चिपीला किती विमानं 'आणणार' याचीच होतात. मोप्याहून सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ल्याला वेळेवर सुटणारी एसटी किती आहेत, हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर चिपीच्या एका विमानाच्या अनुदानाहून स्वस्तात देता येईल, अशी माझी खात्री आहे.

हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे असंही नाही. 'उडान'वरचा कॅगचा अहवाल २०२३ मध्ये आला. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान सुरूच झालं नाही. जे ३७१ सुरू झाले, त्यांतल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षांची अनुदानाची मुदत पुरी केली. आणि मुदत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत चालू राहिलेले मार्ग होते ५४. म्हणजे मंजूर झालेल्या शंभरातले सात. सुरुवातीच्या फेऱ्यांत कंपन्या नव्या होत्या, विमानं मिळत नव्हती, मध्ये कोविड आला, ही कारणं खरी आहेत. तरी मार्ग निवडतानाच घर ते काम किती वेळ वाचतो हे पाहिलं असतं, तर त्या यादीतली कितीतरी नावं आधीच गळाली असती.

मग विमान हवं कुठे? माझं उत्तर सुरुवातीलाच दिलेल्या जोडीत आहे: कोल्हापूर आणि नागपूर.

महाराष्ट्राचा रेल्वेचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. इंग्रजांनी रूळ टाकले ते विदर्भ-खानदेशचा कापूस आणि दख्खनचा माल मुंबई बंदरात उतरवायला. म्हणून रूळ मुंबईकडे धावतात. नागपूरहून मुंबई, सोलापूरहून मुंबई, कोल्हापूरहून पुण्यावरून मुंबई. आडवं जायचं म्हटलं की घोडं अडतं. कोल्हापूरहून नागपूरला रोज जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला असा अर्ध्या राज्याला वळसा घालते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागपूर दाखवते. चोवीस तासांहून जास्त, आणि सारा वेळ एकाच राज्यात. पंढरपूर-लातूर-परभणीवरून जाणारी दुसरी गाडी आहे, पण ती रोज नाही. रस्त्याने सोलापूर, तुळजापूर, नांदेड, यवतमाळ करत आठशेच्या वर किलोमीटर. खासगी स्लीपर संध्याकाळी सुटते, उजाडतं तेव्हा ती विदर्भात कुठेतरी असते आणि प्रवाशाची पाठ धरलेली असते. इथे विमानाने घर ते काम साडेतीन-चार तास लागतात. वाचतात ते दोन तास नव्हेत, एक अख्खा दिवस वाचतो. याच पट्ट्यात नागपूरला गोव्याशी जोडणारा आठशेच्या वर किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखलाय, आणि कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध रान उठवलंय. त्या महामार्गाच्या खर्चाच्या मानाने या मार्गावर रोज दोन विमानांना दिलेलं अनुदान म्हणजे किरकोळ खर्च. जमीन तर एक गुंठाही नको.

गरज आहे का? राज्य आपणच एक केलंय. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे दरवर्षी विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात भरतं. तिथे निवेदन घेऊन जाणारा शिरोळचा शेतकरी, बदली झालेला शिक्षक, नागपूरच्या एम्समध्ये किंवा कोल्हापूरच्या विद्यापीठात शिकणारी मुलं, इचलकरंजीचा कापड व्यापारी, यांना एकमेकांच्या गावाला जायला मुंबई-पुण्यावरून का जावं लागावं? २०२५ मध्ये या मार्गावर थेट विमान सुरू झालं तेव्हा मला बरं वाटलं. ते टिकावं यासाठी राज्याने स्वतःहून काही करावं, असं मात्र कोणाला सुचलेलं दिसत नाही. नांदेड–कोल्हापूर, जळगाव–कोल्हापूर, अमरावती–पुणे या जोड्यांचं तेच. पुढाऱ्यांना हवं असतं ते मुंबईचं विमान, कारण त्यांचं स्वतःचं काम मुंबईत असतं.

या मार्गांवर प्रवासीच मिळणार नाहीत, असा आक्षेप येईल. असेल. पहिली दोन वर्षं विमान अर्धं रिकामं जाईल, मग अनुदान कशाला असतं? आपोआप भरणाऱ्या विमानाला ते द्यायचं कारणच नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: विमानाने जाणाऱ्याला गरिबाच्या पैशाने का न्यायचं? अनुदानाचा मोठा हिस्सा मोठ्या मार्गांवरच्या विमानांकडून घेतलेल्या शुल्कातून उभा राहतो, हे खरं. पण राज्याचा वीस टक्के वाटा आणि विमानाच्या इंधनावर सोडलेला कर हा आपल्याच तिजोरीतून जातो. म्हणूनच तो पाच-सहा मार्गांवर, जिथे दुसरा धड पर्यायच नाही तिथेच खर्च व्हावा, असं म्हणतोय. छत्तीस जिल्ह्यांना छत्तीस विमानतळ हा नाकापेक्षा मोती जड करण्याचा प्रकार आहे.

अमेरिकेत छोट्या गावांच्या विमानांना अनुदान देणारी योजना १९७८ पासून चालू आहे. तिच्यावर टीका खूप होते, पण एक गोष्ट तिथे नीट केलीय. गाव योजनेत बसतं की नाही हे ठरवताना जवळच्या मोठ्या विमानतळापर्यंतचं रस्त्याचं अंतर बघतात. सत्तर मैलांच्या आत असेल तर अनुदान नाही. हा निकष लावला तर मोपा सुरू झाल्याच्या दिवशीच चिपीचं अनुदान थांबलं असतं आणि तो पैसा दुसरीकडे गेला असता. नॉर्वेत तर डोंगर आणि समुद्रकाठच्या छोट्या गावांसाठी सरकार जेव्हा मार्गाचं टेंडर काढतं, तेव्हा रोज किमान किती फेऱ्या आणि कुठल्या वेळेला हे करारातच लिहिलेलं असतं, म्हणजे माणसाला सकाळी जाऊन संध्याकाळी परतता यावं. आपल्या करारात भाडं आणि जागा यांच्यावर सगळा भर. फेऱ्या आठवड्याला तीन झाल्या तरी मार्ग 'चालू' धरला जातो.

कधीकधी अंतर कमी करायचा उपाय वाहतुकीत नसतोच. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतला पक्षकार उच्च न्यायालयात तारखेला म्हणून मुंबईला जायचा. वकिलांनी दशकानुदशकं लढा दिला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर–मुंबई विमानातल्या आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसमधल्या किती जागा त्या एका निर्णयाने मोकळ्या झाल्या असतील! कुठलाही मार्ग मंजूर करण्याआधी, तिकडे माणसं मुळात कशासाठी जातात आणि ते काम इथेच करता येईल का, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

दिल्लीने योजनेचे नियम बदलावेत म्हणून वाट बघत बसायची गरज नाही. वीस टक्के राज्य देतं, इंधनाचा कर राज्य सोडतं, अनेक विमानतळ राज्याच्याच कंपनीच्या ताब्यात आहेत. तेव्हा आडव्या मार्गांचं वेगळं टेंडर राज्याने काढावं: रोजची फेरी, सकाळी जाणं आणि संध्याकाळी येणं, रद्द झालं तर कंपनीला दंड आणि प्रवाशाला पुढच्या विमानाची हमी. विमान उतरण्याच्या वेळेला दारात एसटी उभी असावी. आणि त्याआधी एक काम करावं. विमान कंपन्यांची रद्द उड्डाणं दिल्लीहून दर महिन्याला जाहीर होतात, ती कंपनीनिहाय. वेळेवर पोचण्याची टक्केवारी येते ती मोठ्या महानगरांच्या विमानतळांपुरती. नांदेडहून, कोल्हापूरहून, बेलोऱ्याहून गेल्या महिन्यात ठरलेल्यांपैकी किती विमानं उडाली, किती उशिरा उडाली, किती धुक्याने अडली, हे प्रवाशाला कुठेच बघायला मिळत नाही. विमानतळाच्या टॉवरमधल्या नोंदवहीत ते रोज लिहिलेलं असतं. महिन्याच्या शेवटी ते पान बाहेर भिंतीवर लावायला कुठल्याही मंत्रिमंडळाची मंजुरी लागत नाही.